डॉक्टर हू : नट मोठा की लेखक?

पोलीसपेटी

मागच्या धाग्यावर टेनंट विरुद्ध स्मिथ अशी जी जुंपली, ती वाचून हा वेगळा धागा काढतोय. तिथला मूळ विषय नाताळचे विशेष भाग हा होता, याची शेवटी कुणाला आठवणही राहिली नव्हती.

नव्यांसाठी एवढंच : 'डॉक्टर हू' ही बीबीसीची १९६३ पासूनची विज्ञानकथा मालिका. तिचा नायक, डॉक्टर, निळ्या पोलीसपेटीतून काळात फिरणारा परग्रहवासी आहे. मरायला टेकला की तो नव्या शरीरात येतो, म्हणून नट बदलत राहतात. टेनंट दहावा, स्मिथ अकरावा.

माझं म्हणणं असं की आपण या मालिकेचे कालखंड नटांच्या नावाने पाडतो तेच मुळात चूक. चेहरा बदलला की मालिका बदलली असं वाटतं, पण ती खरी बदलते निर्माता आणि पटकथा-संपादक बदलला की.

चौथा डॉक्टर टॉम बेकरच घ्या. १९७४ ते १९८१, सलग सात वर्षं. ही एक कारकीर्द नाहीच. पहिली तीन वर्षं निर्माता फिलिप हिंचक्लिफ, पटकथा-संपादक रॉबर्ट होम्स. ममी, फ्रँकेन्स्टाइन, धुक्यातलं व्हिक्टोरियन लंडन असा जुन्या भयपटांचा सगळा माल या दोघांनी विज्ञानकथेत आणला. मग १९७६ च्या 'द डेडली असॅसिन'मध्ये डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबून धरलंय आणि तिथेच चित्र गोठवून भाग संपवला. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउसबाईंनी आकाशपाताळ एक केलं, बीबीसीने माफी मागितली, हिंचक्लिफ दुसरीकडे गेला. पुढच्या निर्मात्याला, ग्रॅहम विल्यम्सला, मारधाड कमी करायला सांगितलं होतं. म्हणून विनोद वाढला, लेखक डग्लस ॲडम्स आला, पॅरिसमध्ये चित्रित झालेलं 'सिटी ऑफ डेथ' आलं. शेवटच्या वर्षी जॉन नेथन-टर्नरने सूत्रं घेतली आणि तोच बेकर एकदम गंभीर, थकलेला, गडद लाल कोटातला. नट एक, मालिका तीन.

बोला आता. फक्त २००५ नंतरचे भाग पाहिलेल्यांनीही बोला. २०२५ च्या शेवटच्या भागापर्यंतचं सगळं खाली उघडपणे येणार आहे, त्यामुळे न पाहिलेल्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

निशाचर

टेनंट. धागा संपला.

लांबमफलर

पोलीसपेटी, उदाहरण बरोब्बर स्वतःच्या सोयीचं निवडलंत. आता माझ्या सोयीचं घ्या.

स्टीव्हन मॉफट २०१० ते २०१७ सलग प्रमुख लेखक होता. डोकं तेच, काळाच्या गाठी मारायची खोड तीच. नट मात्र दोन. मॅट स्मिथची निवड झाली तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आजवरचा सगळ्यात तरुण. पहिल्याच भागात एका लहान मुलीच्या स्वयंपाकघरात बसून फिश फिंगर कस्टर्डमध्ये बुडवून खातो आणि तिथेच आपला होऊन जातो. दुसरा, पीटर कपाल्डी, आला पन्नाशी उलटल्यावर. तो सहचरी क्लाराला विचारतो, मी चांगला माणूस आहे का? ती म्हणते, मला माहीत नाही. हा प्रश्न स्मिथच्या तोंडी घालून बघा, तिने लगेच "हो" म्हटलं असतं आणि विषय मिटला असता. म्हणजे नट बदलल्यावर त्याच लेखकाला वेगळे प्रश्न सुचायला लागले.

आणि 'हेवन सेंट' (२०१५). जवळजवळ अख्खा भाग कपाल्डी एकटा. एक बंद किल्ला, मागे संथपणे चालत येणारं ते बुरखेवालं ध्यान आणि समोर हिऱ्याहून कठीण भिंत. तो भिंतीवर ठोसा मारतो, मरतो, पुन्हा जन्मतो, पुन्हा ठोसा मारतो, अब्जावधी वर्षं. कागदावर ही कल्पना नुसती हुशार आहे. तिचा थकवा आपल्याला जाणवतो तो कपाल्डीच्या आवाजामुळे. या माणसाने शाळकरी वयात याच मालिकेबद्दल 'रेडिओ टाइम्स'ला पत्र लिहिलं होतं, हे विसरू नका.

कोकणस्थ_डालेक

कपाल्डीला +१. बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

विंगेतून

वाद आमच्या ओळखीचा आहे. 'नटसम्राट'मध्ये डॉ. लागूंनंतर दत्ता भट उभे राहिले तेव्हाही लोक असेच हिरिरीने भांडायचे. फरक एवढाच की तिथे दुसऱ्या नटालाही तीच स्वगतं म्हणायची होती. इथे दुसऱ्या नटाच्या हातात पहिल्याची एक ओळसुद्धा ठेवलेली नव्हती. म्हणून मला वाटतं, या वादात ज्याचं नाव सगळ्यात आधी यायला हवं ते अजून कुणी घेतलेलं नाही : पॅट्रिक ट्राउटन, दुसरा डॉक्टर.

१९६६ ची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. पहिला नट विल्यम हार्टनेल तीन वर्षं डॉक्टर आहे. म्हातारा, तिरसट, पांढऱ्या केसांचा. इंग्लंडमधल्या पोरांच्या डोक्यात डॉक्टर म्हणजे तोच. त्याची तब्येत ढासळत चाललेली, संवाद लक्षात राहत नाहीत. मालिका बंद करणं सगळ्यात सोपं होतं. हार्टनेलसारखाच दिसणारा कुणीतरी शोधून विग घालून उभा करता आला असता. त्याऐवजी 'द टेन्थ प्लॅनेट'च्या शेवटी हार्टनेल जमिनीवर कोसळतो, उजेडाचा झोत येतो आणि तिथे एक बुटका, विस्कटलेल्या केसांचा, ढगळ कोटातला माणूस पडलेला असतो. पुढच्या कथेत तो बासरी वाजवतो आणि सरळ उत्तर कुणालाच देत नाही. त्याच्यासोबतच्या पात्रांनाही तो खरा वाटत नाही.

इथे ट्राउटन पडला असता तर पुढचे तुमचे बेकर, टेनंट, कपाल्डी जन्मालाच आले नसते. कल्पना निर्मात्यांची, मान्य. पण प्रेक्षकाने ती स्वीकारायची की नाही, हे काही आठवड्यांत त्या एका माणसाच्या चेहऱ्यावर ठरणार होतं. त्याने हार्टनेलची एकही लकब उचलली नाही. नक्कल केली असती तर पुढच्या प्रत्येकाला नक्कलच करावी लागली असती.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी 'द टूम ऑफ द सायबरमेन' (१९६७) बघा. त्यात तो सहचरी व्हिक्टोरियाशी तिच्या गेलेल्या वडिलांबद्दल आणि स्वतःच्या माणसांबद्दल बोलतो. मिनिटभराचा प्रसंग आहे, राक्षस नाही, धावपळ नाही. मॅट स्मिथ तयारीसाठी हीच कथा बघून ट्राउटनच्या प्रेमात पडला होता. स्मिथच्या डॉक्टरच्या त्या बो टायचं मूळ तिथे आहे.

कोकणस्थ_डालेक

विंगेतून काका, सगळं खरं. पण ज्या माणसाचं जवळजवळ निम्मं काम जगात कुठेच शिल्लक नाही त्याला पहिला नंबर कसा द्यायचा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बीबीसीने साठच्या दशकातले बरेच भाग पुसून टाकले. टेप महाग होत्या, त्यावर दुसरं काहीतरी चित्रित व्हायचं. पुनःप्रक्षेपणावर करारांची बंधनं होती, आणि रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल माल कोण विकत घेणार? जिथे डॉक्टर पहिल्यांदा बदलतो तो 'टेन्थ प्लॅनेट'चा शेवटचा भागच गायब आहे! बदलाची ती काही सेकंदं वाचली, कारण 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता.

आवाज मात्र प्रत्येक भागाचा उपलब्ध आहे. का, तर घरोघरी पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसली होती. आपल्यासारखीच वेडी.

विंगेतून

म्हणून तर २०१३ मध्ये नायजेरियातून नऊ भाग सापडले त्याचं एवढं अप्रूप. त्यामुळे 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' पूर्ण झालं आणि त्यात ट्राउटनची दुहेरी भूमिका आहे : डॉक्टर आणि सॅलमँडर नावाचा हुकूमशहा. आधी एक भाग आणि बाकीचा नुसता आवाज एवढ्यावरून चाहते या कथेला सुमार म्हणायचे. सगळं चित्र मिळालं आणि मत फिरलं. शब्द तेच होते, लेखक तोच. पोलीसपेटी, याचं काय करायचं?

पोलीसपेटी

चित्र मिळालं म्हणजे दिग्दर्शनही मिळालं ना काका! सगळं श्रेय ट्राउटनच्या झोळीत टाकू नका. दिग्दर्शक बॅरी लेट्स होता आणि तोच पुढे तिसऱ्या डॉक्टरच्या, जॉन पर्टवीच्या काळात निर्माता झाला. पर्टवीचा अख्खा कालखंड, म्हणजे पृथ्वीवरची हद्दपारी, युनिट ही लष्करी तुकडी, तिचा ब्रिगेडियर, रॉजर डेल्गाडोचा मास्टर (डॉक्टरचा हाडवैरी), याचा मोठा भाग लेट्स आणि टेरन्स डिक्स या जोडीचा आहे. पर्टवी रुबाबदार होताच. पण तो रुबाब मिरवायला चौकट कुणी दिली?

स्वरदा_के

हार्टनेलला "तिरसट म्हातारा" म्हणून दोन शब्दांत निकालात काढलंत, म्हणून लिहितेय. मुळात जो पहिला भाग चित्रित झाला त्यात तो आणखी कडवट होता. बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमन याला तो पसंत पडला नाही आणि सगळा भाग पुन्हा चित्रित केला गेला. २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवला तो हा दुसरा. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली, त्यामुळे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भागाआधी पहिला परत दाखवावा लागला.

म्हणजे नट तोच, संवादही बरेचसे तेच, पण दिग्दर्शकाने दोन आठवणीत राहतील असे वेगळे डॉक्टर काढून दाखवले. तो दिग्दर्शक कोण? वारिस हुसेन. जन्म लखनौचा, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. वय पंचविशीच्या आतबाहेर. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, तीही विशीतली, बीबीसीच्या नाट्यविभागात तेव्हा दुसरी स्त्री निर्माती नव्हती. त्या गोऱ्या, पुरुषी, पाईप ओढणाऱ्या इमारतीत या दोघांना पोरांची एक मालिका देऊन टाकली होती, फारशी आशा न ठेवता.

२०१३ मध्ये या सगळ्यावर एक टीव्हीपट आला, त्यात वारिस हुसेनचं काम सचा धवनने केलं. तोच सचा धवन २०२० मध्ये मास्टर झाला. मला ही साखळी फार आवडते.

निशाचर

मास्टर म्हणून सचा धवन कहर आहे. पण मिशेल गोमेझच्या मिसीच्या, म्हणजे मास्टरच्याच बाईरूपाच्या, पुढे नाही.

स्वरदा_के

आणि त्याच्यावरच लेखनाने केलेला अन्याय बघा. 'स्पायफॉल'च्या दुसऱ्या भागात, नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, तेरावी डॉक्टर त्याचा चेहरा झाकणारं यंत्र बंद पाडते, जेणेकरून जर्मन सैनिकांना त्याचा खरा वर्ण दिसेल. डॉक्टरने! विनोदी डाव असल्यासारखं ते घडून जातं. जोडी व्हिटेकर काय करणार तिथे? तिने ते वाक्य कितीही चांगलं म्हटलं तरी वाक्य तेच राहणार.

पोलीसपेटी

स्वरदाताई, धन्यवाद. माझा मुद्दा तुम्हीच पूर्ण केलात. मॉफटनंतरचा प्रमुख लेखक क्रिस चिब्नल, त्याच्या काळात व्हिटेकरला शिव्या पडल्या त्यातल्या बहुतेक चिब्नलच्या नावावर जमा व्हायला हव्यात.

लांबमफलर

अर्धं मान्य. पण 'डीमन्स ऑफ द पंजाब' (२०१८) त्याच काळातलं आहे ना? विनय पटेलने लिहिलेलं. सहचरी यास्मिनच्या आजीच्या तरुणपणात सगळे जातात तर तिथे ऑगस्ट १९४७ उजाडलेला. आजी मुसलमान, तिचा होणारा नवरा प्रेम हिंदू, दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला. परग्रहवासी खुनी असतील असं वाटतं, ते निघतात एकट्याने मरणाऱ्यांना साक्ष राहणारे. खुनी घरातलाच आहे, प्रेमचा भाऊ. डॉक्टरला काहीही बदलता येत नाही. ती पाठ फिरवून चालायला लागते, मागून गोळीचा आवाज येतो. त्या चालण्यात व्हिटेकरने जे केलंय ते तिला एरवी करायलाच मिळालं नाही. शेवटच्या श्रेयनामावलीत नेहमीची धून आपल्याकडच्या गळ्यातून, सुरावटीतून येते.

आणि प्रक्षेपण कधी? ११ नोव्हेंबर, पहिलं महायुद्ध संपल्याला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. ब्रिटिश घराघरांत त्या संध्याकाळी हिंदुस्थानी सैनिक होता.

खारीबिस्किट

त्या भागावर मला तक्रार आहे. फाळणी म्हणजे एका शेतातून ओढलेली दोरी आणि दोन भाऊ, इतकी छोटी करून टाकली आहे. चित्रीकरण स्पेनमध्ये, ते डोंगर पंजाबचे वाटतच नाहीत. माझं सासर उल्हासनगरचं, सिंधी. आजेसासरे कँपात वाढले. घरात फाळणीवर कुणी रडून बोलत नाही, राहून गेलेल्या घरांच्या किल्ल्यांवर, दुकानांवर बोलतात. तो सगळा कोरडेपणा या भागात नाही.

तरीसुद्धा सासूबाईंनी तो माझ्यासोबत शेवटपर्यंत पाहिला, आणि निळी पेटी काय आहे हे एकदाही विचारलं नाही.

विंगेतून

खारीबिस्किट, ही तक्रार योग्य आहे. पन्नास मिनिटांत दोन भाऊच मावतात, हेही खरं.

कोकणस्थ_डालेक

चिब्नलचा विषय निघालाच आहे तर टाइमलेस चाइल्ड! हार्टनेलच्या आधी डॉक्टरचे असंख्य जन्म होते म्हणे. साठ वर्षांची पाटी पुसून टाकली. हार्टनेल पहिला नाही तर मग काकांचा ट्राउटन तरी दुसरा कुठे राहिला?

लांबमफलर

डालेकभाऊ, 'द ब्रेन ऑफ मॉर्बियस', १९७६. मानसिक द्वंद्वात डॉक्टरचे मागचे चेहरे पडद्यावर दिसतात आणि हार्टनेलच्याही मागे आठ चेहरे येतात. हिंचक्लिफ, होम्स आणि मंडळींनीच वेश करून फोटो काढले होते. म्हणजे पोलीसपेटींच्या लाडक्या जोडीनेच ही पाटी आधी पुसली. चिब्नलचा दोष वेगळा आहे. ही गोष्ट त्याने व्हिटेकरला बांधून ठेवून धवनच्या तोंडून भाषणासारखी सांगितली. नायिका उभी आणि ऐकतेय.

कार्डिफकर

इथे कार्डिफ बेवर 'टॉर्चवुड' या उपमालिकेतल्या इयांतोच्या नावाने चाहत्यांनी चिठ्ठ्या-फुलांची भिंत केली. पात्र काल्पनिक, मेलं २००९ मध्ये. तेव्हा तुमचा हा धागा मला अजिबात टोकाचा वाटत नाही.

नववा डॉक्टर एकल्स्टन, त्याच्यावर कुणीच बोलेना म्हणून आलो. १६ वर्षं मालिका बंद होती (१९९६ चा तो टीव्हीपट सोडून). २००५ मध्ये रसेल टी. डेव्हिसने ती परत आणली तेव्हा लोकांच्या डोक्यात ती म्हणजे हलणारे सेट आणि रबरी राक्षस. एकल्स्टनने मफलर नाही, छत्री नाही, फक्त लेदर जॅकेट घातलं आणि आपल्या उत्तरेकडच्या हेलातच बोलला. 'डालेक' भागात साखळीने बांधलेल्या त्या एका डालेकपुढे (डालेक म्हणजे डॉक्टरचे जुने शत्रू) तो ज्या तिरस्काराने थुंकी उडवत ओरडतो, त्यानंतर या पत्र्याच्या डब्याला कुणी हसलं नाही. एकच पर्व केलं, तेरा भाग. वरिष्ठांशी संबंध बिघडले असं त्याने पुढे स्वतः सांगितलं. ट्राउटननंतर सगळ्यात अवघड काम त्याचं होतं आणि टेनंटला तयार मैदान मिळालं.

निशाचर

तयार मैदानावर शतक ठोकावंच लागतं, कार्डिफकर. 'ह्यूमन नेचर' बघा. डॉक्टर स्वतःला विसरून साधा शाळामास्तर झालाय आणि परत डॉक्टर व्हायचं म्हणजे त्या मास्तराने मरायचं. टेनंट तिथे घाबरलेला सामान्य माणूस आहे, अगदी ओठांच्या थरथरीपर्यंत.

पोलीसपेटी

निशाचरांनी दोनपेक्षा जास्त वाक्यं लिहिली! धाग्याचं सार्थक झालं.

तर, 'डालेक'. रॉबर्ट शिअरमनने तो भाग आपल्याच 'जुबिली' या २००३ च्या श्राव्यनाट्यावरून बेतला होता आणि 'जुबिली'तला डॉक्टर कोण? सहावा, कॉलिन बेकर! तोच, ज्याला टीव्हीवर विदूषकी कोट घालून पहिल्याच कथेत सहचरीचा गळा दाबायला लावला, मधे मालिकाच दीड वर्ष थांबवली आणि शेवटी काढून टाकलं. सगळे म्हणायचे सगळ्यात वाईट डॉक्टर. बिग फिनिश कंपनीच्या ध्वनिनाट्यांत त्याला लेखक मिळाले आणि ऐकणारे थक्क झाले. नट तोच. आता बोला.

स्वरदा_के

बोलते. आठवा डॉक्टर, पॉल मॅकगॅन. १९९६ च्या टीव्हीपटाची पटकथा गचाळ, तरी तो त्यात चमकतो. २०१३ मध्ये 'द नाइट ऑफ द डॉक्टर'मध्ये त्याला सात मिनिटं दिली. त्यात तो येतो, एका मुलीला वाचवू पाहतो, ती त्याच्यासोबत जगण्यापेक्षा मरण पत्करते, आणि तो युद्धाला तयार होतो. ही सात मिनिटं एका अख्ख्या कालखंडासारखी वाटतात. लेखकांनी सतरा वर्षं त्याला टीव्हीवर काहीच दिलं नव्हतं.

खारीबिस्किट

पंधराव्या डॉक्टरचं, शुटी गटवाचं काय? दोन छोटी पर्वं, आठ-आठ भाग, त्यातल्या काहींत तो जेमतेम. 'डॉट अँड बबल'चा शेवट एवढ्यासाठी बघा. तो समोरच्या श्रीमंत गोऱ्या पोरांना वाचवायला निघालाय आणि ती त्याच्या रंगामुळे त्याची मदत नाकारतात. तो आधी हसतो, विश्वास बसत नाही म्हणून, आणि मग किंचाळतो. हे दृश्य डेव्हिसने लिहिलं आणि गटवाने वाढवलं, मला वेगळं करता येत नाही.

राग आहे तो सहचरी बेलिंडाचं (वरदा सेतू) जे केलं त्यावर. केरळात जन्मलेली नटी, पात्र नर्सचं, पहिल्याच भागात न विचारता तपासणी केली म्हणून डॉक्टरला फटकारते, मी तुझं पुढचं साहस नाही म्हणून सांगते. आणि मे २०२५ च्या शेवटच्या भागात तिला मुलीसकट एका खोक्यात बंद करून बाजूला ठेवलं, बाहेर आली ती नुसती आई होऊन. तोच लेखक! मग गटवा जातो आणि त्याच्या जागी चक्क बिली पायपर, एकल्स्टन-टेनंटच्या काळातली सहचरी रोझ झालेली.

वाचनमात्र_मी

बरेच दिवस नुसती वाचतेय. मी एकही भाग पाहिलेला नाही. यादी नको, एकच सांगा.

लांबमफलर

'हेवन सेंट'.

विंगेतून

अहो, तो पहिलाच भाग म्हणून कसा चालेल? मागचं माहीत नसेल तर तो भिंत का फोडतोय हे कळणारच नाही. 'टूम ऑफ द सायबरमेन'.

कोकणस्थ_डालेक

काका, तिला पळवून लावायचंय का? कृष्णधवल, चार भाग! वाचनमात्र ताई, 'ब्लिंक'. त्यात डॉक्टर फारसा नाहीच, त्यामुळे या धाग्याचा कुठलाच पक्ष घ्यावा लागणार नाही.

पोलीसपेटी

'मिडनाइट', २००८. एक बस, मोजके प्रवासी, बाहेर काहीतरी आहे जे कधी दिसत नाही. डेव्हिसने डॉक्टरचं एकमेव हत्यार, त्याची बोलण्याची हातोटी, काढून घेतलीय. आधीचं काही माहीत असायची गरज नाही. बघा आणि इथे येऊन सांगा : नट की लेखक.

वाचनमात्र_मी

'मिडनाइट' पाहिला. ती बाई आधी सगळ्यांचे शब्द मागून म्हणते, मग सोबत म्हणते आणि मग आधीच म्हणते, तेव्हा मी आवाज कमी केला. प्रवासी जेव्हा त्याला बसबाहेर फेकायला निघतात ते त्या राक्षसापेक्षा भयंकर आहे. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला बसलेली माणसं वाटली सगळी.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर : लेस्ली शार्प, ती बाई. हिला डॉक्टर का नाही केलं?

निशाचर

'द वेल' बघा आता, २०२५ चा. 'मिडनाइट'चाच पुढचा भाग आहे. गटवा आहे त्यात, पण चालेल.